इसाजींच्या तबल्याची पुडी

सोमवार, ४ ऑगस्ट

काल संध्याकाळी बिरड्याच्या सणाचा उपास सुटला. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचा शोक म्हणून आम्ही बेने इस्राएल मंडळी या दिवसांत गाणंबजावणं करत नाही, त्यामुळे तबला-डग्गा कपाटावर चढवून ठेवला होता. आज दुपारी स्टुलावर चढून खाली काढला. माझी बायको अबीगेल स्टूल धरून उभी होती आणि काहीतरी पुटपुटत होती. काय म्हणालीस, असं विचारलं तर म्हणाली, काही नाही. हल्ली ती पुटपुटतेच फार.

केरेन येते आहे. माझ्या दादाची नात. दादा तरुणपणीच बायकोला घेऊन इस्राएलला गेला आणि तिथल्याच मातीत निजला. ही पोर जन्माने तिकडची, मराठी शिकली ती आजीच्या मांडीवर बसून. फोनवर 'आमी', 'तुमी', 'नाय' म्हणते. आपटा गावच्या आमच्या आत्या अशाच बोलायच्या. इस्राएलच्या अश्दोदहून पाताळगंगेच्या काठची मराठी कानावर येते तेव्हा मी फोन कानाशी अजून घट्ट धरतो.

तिला कीर्तन करायचं आहे. आपलं, मराठीतलं, योसेफाच्या कथेचं. दादा उभा राहून गायचा आणि आमचे बाबा, इसाजी आपटेकर, तबल्याला बसायचे. अलिबागपर्यंत बोलावणी यायची. ते सगळं बंद पडून किती वर्षं झाली. केरेनने ते जुन्या कॅसेटवरून ऐकून ऐकून पाठ केलं आणि आता ते पनवेललाच करायचं असा तिचा हट्ट आहे. तेवीस तारखेला, शनिवारी, शब्बाथ सरल्यावर, सिनेगॉगच्या हॉलमध्ये. साथीला मी, बाबांच्याच तबल्यावर. खरं तर साथ करणारं दुसरं कोणी इथे उरलेलंच नाही.

तर पुसून, पावडर लावून बसलो. डग्ग्यावर हात टाकला, तो घुमला, थेट छातीत कळलं. मग तबल्याच्या काठावर तर्जनी मारली. या काठाच्या पट्टीला चाट म्हणतात. चांगल्या तबल्याची चाट काचेच्या पेल्याला चमचा लागावा तशी बोलते, आणि बोलून झाल्यावरही हवेत रेंगाळते. आज नुसतं ठक्. लाकडी दारावर मारावं तसं. पुन्हा मारलं, पुन्हा ठक्.

पावसाने कातडं ओलं धरलंय, दुसरं काय. माळ्यावरून साठचा जुना बल्ब शोधून आणला आणि कोंबडीच्या पिलांवर लावतात तसा तबल्यावर टांगला. अबीगेल म्हणाली, तबल्याला ऊब, आणि माझे गुडघे गारठतात त्याचं काय.

शाळेत आम्ही अख्खा वर्ग एका आवाजात भुजंगप्रयात म्हणायचो, लगागा लगागा, आणि बाकांच्या फळ्या थरथरायच्या. मी पुढे बंदरात नोकरी केली, न्हावा शेव्याला कंटेनरचे आकडे लिहीत बसलो, पण ते वृत्त कधी डोक्यातून गेलं नाही. आज बल्बखाली बसल्या बसल्या एक ओळ आली:

जरा कान दे, चाट बोलेल आता

पुढची येत नाही. बघू.

दूधवाला रागावून गेला. तीनदा बेल वाजवली म्हणे. बेल बिघडलेली दिसते.

बुधवार, ६ ऑगस्ट

बल्बने काही झालं नाही. सकाळी तबला पिशवीत घालून जुन्या बाजारात निकेशच्या दुकानी गेलो. निकेश करंजाड्याचा, मूळ गावठाणातला. त्याच्या घराभोवती आता टॉवर उभे आहेत, पण बोलणं गावचंच ठेवलंय. गणपती तोंडावर, त्यामुळे दुकानात ढोलक्यांची रास, बादलीत भिजत पडलेल्या कातडी वाद्या, आणि तो ओला, उग्र वास. मला तो वास आवडतो. त्या वासात बाबा असतात.

निकेशने मांडीवर ढोलकी तशीच ठेवून एका हाताने माझ्या तबल्यावर टिचकी मारली.

"काका, बोलते हाय की. काय झालं हिला?"

मी म्हटलं, नीट ऐक, ठक् ठक् करते. त्याने पुन्हा मारली, मग मोबाइल काढून जवळ धरला. पडद्यावर एक सुई हलली आणि हिरव्या रेघेवर जाऊन थांबली. मी म्हणालो, सुईला काय कळतंय. तो म्हणाला, सुईला नाय कळत तर मंग कोणाला कळतंय, आणि दुकानातल्या सगळ्यांकडे बघून हसला. मला राग आला. मी म्हटलं, पुडी बदल. पुडी म्हणजे तबल्यावरचं सगळं कातडं, मधल्या काळ्या शाईसकट.

तेव्हा तो जरा गंभीर झाला. त्याने चाटेवरून अंगठा फिरवला. तिथे एका जागी, तर्जनी पडते तिथे, कातडं घासून गुळगुळीत आणि फिकट झालंय, जुन्या कपाच्या कानासारखं. ही खूण कोणाची, म्हणाला. बाबांची, मी म्हटलं. त्यांनी शेवटी बसवून घेतलेली पुडी ही. ते गेल्यावर मी फार वाजवला नाही, सणासुदीला तेवढा, म्हणून इतकी टिकली.

"मंग काढू कशाला सांगता?"

खूण घेऊन काय करू, नाद नाही त्यात, असं मी म्हणालो. ठेवून जा, पुढच्या गुरुवारी या, असं त्याने मान न वर करता सांगितलं.

येताना वडाळे तळ्यापाशी बसलो. म्हणालो ते बरोबरच होतं. मेलेलं कातडं उराशी धरून कीर्तन होत नाही. तरीही घरी जावंसं वाटेना.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

नवी बेल बसवून घेतली. वायरमनने दाबून दाखवली. अबीगेल म्हणाली, छान खणखणीत आहे. मला तर मुळमुळीत वाटली. हल्ली मालच असा येतो.

गॅलरीत बसलो होतो. पूर्वी या वेळेला बुलबुल नुसता उच्छाद मांडायचे. विमानतळाचं काम सुरू झाल्यापासून गेले सगळे. एक समोर तारेवर बसला होता, चोच उघडत होता, मिटत होता, पण गात नव्हता. पाखरंसुद्धा उदास झालीत.

तबला घरात नाही तर हात कुठे ठेवावे कळत नाही. जेवणाच्या टेबलावर बोटं वाजत राहतात. दिवे लावायची वेळ झाली. उद्या शब्बाथ, लिहिणं नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आज एक काळजीची गोष्ट. अबीगेल परवापासून म्हणते आहे, माझ्या कानात दडे बसलेत, कानाच्या डॉक्टरांकडे सोबत चला. मी म्हटलं, तू एकटी सगळ्या पनवेलभर फिरतेस. तर म्हणाली, नाही, तुम्ही हवेत.

गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, हसतमुख. आधी अबीगेलला काचेच्या खोलीत बसवलं. मग मला म्हणाल्या, आजोबा, आलाच आहात तर तुमचीही तपासणी करून घेऊ. मी कशाला नको म्हणू? कानाला हेडफोन लावला, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आधी घूं घूं असा जाड आवाज आला, दाबलं. दुसरा आला, दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. यंत्र अडकलं असावं. काचेपलीकडून बाई माझ्याकडे बघत होत्या, मीही त्यांच्याकडे बघून हसलो आणि मनात लगागा लगागा म्हणत बसलो. निवांत वाटलं. पनवेलमध्ये इतकी शांत खोली दुसरी नसेल.

नंतर बाईंनी अबीगेलला आत बोलावलं, मला बाहेर बसवलं. दाराच्या काचेतून दिसत होतं, बाई समजावत होत्या आणि ही मान हलवत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. काय म्हणाल्या, विचारलं तर म्हणाली, घरी चला, सांगते सावकाश.

घरी आल्यावर सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिचे कान गेले असणार. किती दिवस लपवून ठेवलंय कोण जाणे. रिक्षात मी तिचा हात धरून बसलो होतो. यापुढे तिच्याशी मोठ्याने बोलायला हवं, आणि तोंड तिच्याकडे करून.

गुरुवार, १४ ऑगस्ट

सकाळी चहा मागितला, मुद्दाम मोठ्याने. अबीगेल दचकली आणि म्हणाली, ओरडताय कशाला. तिला वाईट वाटू नये म्हणून मी नुसता हसलो.

तबला आणला. नवी पुडी पांढरीशुभ्र, मधली शाई चकाकती, काठाची वेणी घट्ट. बघून जीव सुखावला. निकेश गडबडीत होता. त्याने वाजवून दाखवला, मी ढोलक्यांच्या गोंगाटात काय ऐकणार. घरी येऊन, खिडक्या लावून, बैठक मारून तर्जनी टाकली.

ठक्.

तासभर बसलो. ठक्, ठक्, ठक्. डग्गा मात्र समुद्रासारखा घुमतोय. निकेशने घाईत कसलं तरी कच्चं कातडं चढवलं. पूर्वीचे कारागीर पुडी चढवली की स्वतः दोन दिवस वाजवून तिला बोलती करत, मग गिऱ्हाइकाच्या हातात देत. आता मीच तिला वर चढवतो. ताण कमी आहे, बाकी काही नाही.

दुसरी ओळ अजून नाही. 'आता'ला यमकं भरपूर मिळतात. ओळ मिळत नाही.

रविवार, १७ ऑगस्ट

पुडी फाटली.

कशी फाटली ते लिहितो, म्हणजे मलाही कळेल. पुडीच्या कडेने कातड्याची वेणी असते, तिला गजरा म्हणतात. गजऱ्यावर हातोडीने वरून ठोकलं की कातडं ताणतं आणि सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. सगळीकडून सारखा ठोकत जायचं. मी तेच करत होतो, शुक्रवारीही आणि आज सकाळीही. दर ठोक्याला वाटायचं, आता पुढच्याला चाट बोलेल. कातडी वाद्यांखालचे लाकडी गठ्ठेसुद्धा खाली सरकवले. अबीगेल दोनदा आत येऊन सांगून गेली की पुरे, फार चढलाय, कर्कश लागतोय. तिच्या कानांची अवस्था मला ठाऊक असल्याने मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग तळव्याखाली काहीतरी एकदम सैल पडलं. बघतो तर चाटेपासून शाईपर्यंत उभी चीर. आवाज काही झाला नाही. पण अबीगेल गॅलरीतून ओली चादर हातात घेऊन तशीच धावत आली आणि विचारू लागली, काय फुटलं, तुम्हाला लागलं का? चादरीचं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं.

एवढ्या लांबून तिला ऐकू आलं. म्हणजे अजून आशा आहे.

माझी मात्र नाही. तबला मांडीवर घेऊन दुपारपर्यंत बसून राहिलो. बाबांची पुडी चांगली नव्हती म्हणून काढायला लावली, आणि चांगली होती ती स्वतःच्या हाताने फाडली. लहानपणी बाबा मला तबल्याला हात लावू देत नसत. आधी ऐकायला शीक, म्हणायचे.

सोमवार, १८ ऑगस्ट

निकेशकडे गेलो. तो चिरेकडे बघतच राहिला. म्हणाला, काका, हिला फाशी दिलीत तुम्ही. आणि गणपती उठेपर्यंत आपल्याला वेळ नाही, हेही सांगितलं. मी तबला तिथेच ठेवून आलो. घरी आणून तरी काय करणार.

दुपारी केरेनचा व्हिडिओ फोन आला. तिचा आवाज फार बारीक येत होता, लाइन खराब असावी. अबीगेलने फोन हातात घेऊन तिला सगळं सांगितलं आणि तिचं बोलणं मला सांगितलं. केरेन म्हणते, आजोबांना सांगा, टेन्शन नाय घेवायचं, माझ्या फोनात तबला हाय. कुठलाही ताल लावा, कुठल्याही पट्टीत.

पडद्यावर ती हसत होती. चांगल्या मनाने म्हणत होती. मी हात हलवला.

बुधवार, २० ऑगस्ट

केरेन आली. उंच, उन्हात रापलेली, हात दादाचे. आल्या आल्या जमिनीवर मांडी घालून बसली आणि अबीगेलच्या हातचा नारळाच्या दुधातला मासा खाऊन बोटं चाटली.

संध्याकाळी तिने पेटी घेतली आणि फोन शेजारी ठेवून कीर्तन म्हणून दाखवलं. तिची पट्टी काळी तीन. म्हणजे बाबांचा काळी एकचा तबला तिला बरोबर पंचमात लागला असता. हे मी तिला सांगितलंही.

फोनमधलं यंत्र कधी थकत नाही, हे कबूल. पण कीर्तन म्हणजे नुसतं गाणं नव्हे. कीर्तनकार पदाच्या मध्येच थांबतो, चार वाक्यं गोष्ट सांगतो, तबलजी हात वर धरून त्याच्या तोंडाकडे बघत बसतो, आणि पद उचललं रे उचललं की त्याच क्षणी समेवर येतो. यंत्राला हे कुठून कळणार. भावांनी योसेफाला कोरड्या विहिरीत टाकलं, तिथे केरेन थांबली, आणि यंत्र आपलं चालूच. तिला वाकून फोन दाबावा लागला. पुन्हा सुरू करायला पुन्हा वाकली. तेवढ्यात योसेफ विहिरीतच राहिला. असं दर पदाला.

मी मांडीवर ठेका धरला होता. तिने बघितलं आणि फोन बंद करून माझ्या हाताकडे बघत पुढचं पद म्हटलं. मला ती कुठे थांबणार आणि कुठे उचलणार ते तिच्या खांद्यांवरून कळत होतं. तिच्या आवाजाचं म्हणाल तर, पोर जरा गिळून गाते. शब्द पुढे येत नाहीत. पण हे तिला सांगणार नाही.

नंतर दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होत्या. मी दारात गेलो तर गप्प झाल्या. मग अबीगेल छत्री घेऊन भाजी आणते म्हणून गेली आणि दिवेलागणीनंतर परतली. भाजी नव्हती.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

घाईत लिहितो आहे.

चार वाजता निकेश स्वतः घरी आला, हातात तबला. वर बाबांची पुडी. तीच, फिकट खुणेची. टाकवली नाय, म्हणाला, वाजती पुडी कोण टाकतो. काकी परवा दुकानात येऊन बसल्या त्या उठेचनात, म्हणून काल ढोलक्या बाजूला ठेवून हीच परत बांधली.

 बैठकीवर बसलो, तर्जनी बाबांच्या खुणेवर ठेवली आणि मारली.

ठक्.

मी निकेशला नको ते बोललो. गणपतीच्या धंद्यात कारागिरी विकून खाल्लीस, असं काहीसं.  त्याने अबीगेलकडे बघितलं. केरेनने खाली बघितलं. मग अबीगेल माझ्यासमोर आली आणि तिने माझा हात तबल्यावर दाबून धरला.

"अहो, तबला बरा आहे. आधीही बराच होता."

पुढे ती जे म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. मोठ्याने म्हणाली, एवढंच लिहितो. निकेश दारात चपला शोधत बराच वेळ उभा होता. चपला त्याच्या पायातच होत्या.

तबला केरेनने हॉलमध्ये नेऊन ठेवला. दिवे लागतील आता.

रविवार, २४ ऑगस्ट

शब्बाथला काम नसतं, लिहिणं नसतं, हातोडी तर नसतेच. माणूस आणि त्याचं डोकं, एवढंच उरतं. काल दिवसभर मी एकेक गोष्ट उचलून बघत होतो. दूधवाला. तारेवरचा बुलबुल, चोच उघडणारा. शांत काचेची खोली आणि मी तिथे हसत बसलेला. मोठ्याने मागितलेला चहा. अबीगेल दुपारी माझ्याशेजारी येऊन बसली आणि आम्ही काही बोललो नाही. बोलली असेल तर मला माहीत नाही.

संध्याकाळी हॉलमध्ये जायचं नाही असं मी ठरवलं होतं. अबीगेलने माझा पांढरा सदरा पलंगावर काढून ठेवला आणि स्वतः साडी नेसून दारात उभी राहिली. तिच्याशी वाद घालायला ती काय म्हणते ते ऐकू यावं लागतं. गेलो.

शब्बाथ सरला, सुगंधाची डबी हातोहात फिरली, मेणबत्ती विझली. आता हातोडीला हात लावायला हरकत नव्हती. ठाण्याहून, अलिबागहून मंडळी आली होती, आमच्याच लोकांनी हॉल भरलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. निकेशही आला होता, मागच्या खुर्चीवर, हातात फोन. शुक्रवारी त्याने सुरात लावून दिलेला तबला एका दिवसाच्या दमट हवेत उतरला असणार, हे मला कान नसतानाही कळत होतं. लावावा लागणार होता. आणि लावायचा कसा?

केरेनने पेटीवर सूर धरला. मला भाता हलताना दिसला. मी तबल्यावर मारलं, तिच्याकडे बघितलं. ती कसंनुसं हसली. गजऱ्यावर एक ठोका दिला, पुन्हा बघितलं, पुन्हा तेच हसू. अख्खा हॉल माझ्या हाताकडे बघत होता. मी हातोडी खाली ठेवली आणि केरेनला म्हणालो, फोन काढ.

तेव्हा अबीगेल बायकांतून उठली. गुडघ्यांवर हात ठेवत, एकेक गुडघा मुडपत, माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसली. लग्न झाल्यापासून ती माझ्या तबल्याला धिनधिन म्हणत आली आहे. तिने बोटाने दाखवलं, मारा. मी म्हटलं, तुला काय कळतंय यातलं? ती पुढे वाकली, तोंड माझ्याकडे करून, सावकाश बोलली, मी तिच्याशी आठवडाभर बोलत होतो तशी.

"जन्मभर भिंतीपलीकडे ऐकतेय. बेसूर लागला की माझी पोळी करपायची. ठोका."

मी ठोकला. तिने हनुवटी वर केली. म्हणजे चढवा. पुन्हा ठोकला, हनुवटी अजून वर. मग तिने डोळे मिटले, पेटीकडे कान केला आणि हळूच मान हलवली. बरोबर. तबला फिरवून पुढची जागा घेतली. तिथे तिने नाक मुरडलं, जास्त झालं होतं. खालून एक बारीक ठोका. मान हलली. असा गजऱ्याच्या कडेने सगळा फेरा आम्ही दोघांनी केला. एका जागी मी घाई केली तर तिने डोळे वटारले, आणि पहिल्या रांगेतले म्हातारे हसले. ते हसले हे मला दिसलं.

शेवटी मी चाटेवर बोट टाकलं आणि तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली नाही. ती नुसती बघत राहिली, आणि मग पदराने नाक पुसलं. निकेशने मागून फोन वर केला. पडद्यावरचं हिरवं मला तिथून दिसलं. मी फोनकडे फार वेळ बघितलं नाही.

कीर्तन झालं. चांगलं झालं म्हणतात. मी केरेनचे खांदे बघत वाजवला. ती थांबली की हात वर धरला, तिने श्वास घेतला की समेवर आलो. विहिरीतून योसेफ वर आला, मिसर देशाला गेला, मोठा झाला, आणि दुष्काळात भाऊ त्याच्यासमोर धान्य मागायला उभे राहिले. योसेफाने त्यांना ओळखलं, त्यांनी ओळखलं नाही. मध्ये दुभाष्या उभा होता, एकाचं दुसऱ्याला सांगत. इथे केरेन बराच वेळ थांबली. माझे हात हवेत. समोर अबीगेल अजून जमिनीवरच बसलेली, उठायला कोणाची तरी मदत लागली असती म्हणून असेल.

मग पद सुरू झालं. तबल्यावर तर्जनी मारताना अनामिका कातडीवर हलकी टेकलेली असते, शाईच्या कडेला. मुलांना शिकवताना ते बोट तिथे का ठेवायचं, हे कोणी सांगत नाही, ठेवायचं एवढंच सांगतात. काल तर्जनी बाबांच्या खुणेवर पडली आणि अनामिकेखाली एक बारीक थरथर आली, बाकाच्या फळीतून यायची तशी, आणि मारून झाल्यावरही थोडा वेळ राहिली. ऐकू आलं असं मी म्हणत नाही.

आज उशिरा उठलो. पुडीवरून कोरडा कपडा फिरवला, गजऱ्याच्या खाचांतली धूळ काढली, तबला कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. वर नाही, खालच्या कप्प्यात, हाताशी. आणि दुसरी ओळ आली.

जरा कान दे, चाट बोलेल आता
तुझी मान हाले, तिथे सूर होता

अबीगेलला वाचून दाखवली. तिने दोनदा वाचायला लावली. मग माझ्यासमोर येऊन, तोंड माझ्याकडे करून म्हणाली की छान आहे, पण ती मान सकाळपासून अवघडली आहे, त्यावरही काहीतरी लिहा. मी तेल गरम करून आणलं.

उद्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे. या खेपेला सोबत म्हणून ती येते आहे.